छतावरच्या व्हेंट फॅनला स्पीड कंट्रोलर लावल्यावर गुणगुण, धक्के, नाहीतर कायम फुल स्पीड: क्रमाने काय काय तपासायचं

कॅम्परच्या छतावरचा १४ इंची व्हेंट फॅन आणि त्याला बाहेरून लावलेला स्पीड कंट्रोलर, या जोडीची तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. बहुतेकांची गरज खरी असते. पंख्याचा सर्वात कमी स्पीडसुद्धा रात्री झोपताना जास्त वाटतो, आवाज डोक्यावर, बॅटरी पण खातो, मग कोणीतरी सांगतं की पीडब्ल्यूएम मॉड्यूल (करंट भराभर तोडून-जोडून स्पीड कमी करणारा छोटा बोर्ड) लाव, मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून दोनेकशे रुपयांचं मॉड्यूल येतं, वायर कापून मधे जोडलं जातं, आणि पहिल्याच रात्री काहीतरी विचित्र सुरू होतं. मग दुसरं मॉड्यूल येतं, मग तिसरं. मॉड्यूल बदलत बसू नका, कारण बऱ्याच वेळा मॉड्यूल चांगलंच असतं, गडबड हवेच्या वाटेत, वायरमध्ये, नाहीतर पंख्याच्या जातीतच असते.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं ते ओळखा:

- नॉब कमी केला की बारीक शिट्टी किंवा गुणगुण येते, फुलवर नेला की आवाज बंद
- नॉब कुठेही ठेवा, पंखा फुलच फिरतो
- कमीवर सुरूच होत नाही, बोटाने ढकललं की फिरायला लागतो
- फिरतो, थांबतो, परत फिरतो, किंवा आपोआप बीप करतो, झाकण मधेच उघडतं-मिटतं
- इंजिन चालू केलं किंवा सोलरवर ऊन आलं की स्पीड वाढतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला की पडतो
- हवा बाहेर टाकताना ठीक, आत ओढायला उलटा केला की फ्यूज उडतो
- एफएमवर खरखर, एलईडी लाइट लुकलुकतात
- मॉड्यूल हात लावता येणार नाही इतकं तापतं
- पंखा जोरात फिरतोय पण आत हवा लागतच नाही
- थर्मोस्टॅट लावलाय आणि तो दर मिनिटाला टक-टक करत चालू-बंद होतोय

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. एक साधा मल्टिमीटर, ज्यात १० अँपपर्यंत डीसी करंट मोजता येतो, स्क्रू ड्रायव्हर, टिश्यू पेपर. बस्स.

पहिलं, फुकटातलं: हवा येतीय कुठून?

हे सगळ्यात जास्त लोक सोडून देतात म्हणून पहिलं. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठूनतरी आत यायला लागते. सगळ्या काचा बंद, दारं बंद, आणि पंखा फुलवर, असं असेल तर पंखा नुसता जागच्या जागी हवा घुसळत बसतो, आवाज उलट वाढतो, आणि माणसाला वाटतं स्पीड कमी पडतोय. पंख्यापासून सर्वात लांबची खिडकी उघडा, सावलीच्या बाजूची, चारेक बोटं तरी. तिथे टिश्यू पेपर धरा, आत ओढला गेला पाहिजे. ऑक्टोबरच्या उन्हात हा एवढा बदल केल्यावर कितीतरी जणांना कंट्रोलरची गरजच उरली नाही, कारण फुलवर चालवायची वेळच येत नाही.

मग जाळी काढा. पंख्याखालची डासांची जाळी स्वयंपाकाच्या तेलाच्या वाफेने चिकट होते आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते, कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवरून आलेल्या गाडीची जाळी तर उजेडात धरली तर पलीकडचं दिसत नाही. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना ब्रश. पूर्ण वाळल्यावरच लावा.

इथेच एक जिवाची गोष्ट सांगतो. काचा बंद ठेवून पंखा बाहेर फेकत असेल आणि त्याच वेळी आत गॅस गिझर किंवा डिझेल हीटर चालू असेल तर त्यांचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पंखा बाहेर फेकत असताना एक खिडकी उघडी असलीच पाहिजे, आणि झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. पंख्याच्या सगळ्या खर्चाआधी हा खर्च करा.

हाताने फिरवून बघा

फ्यूज काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, ज्या पंख्यात रिमोट किंवा थर्मोस्टॅट आहे तो आपोआप सुरू होतो आणि पाती बोटं सोलून काढतात. फ्यूज काढून मग पातं हाताने फिरवा. मोकळं फिरायला हवं, कुठे घासतंय का, पात्याच्या टोकाला आणि रिंगला सगळीकडे सारखं अंतर आहे का, शाफ्टवरची क्लिप सैल आहे का. पात्यावर धूळ एका बाजूला जास्त बसली असेल तरी पंखा थरथरतो.

आता आवाज यांत्रिक आहे की कंट्रोलरचा, हे ओळखायची सोपी पद्धत: फ्यूज परत लावा आणि नॉब एकदम फुलवर न्या. कंट्रोलरमुळे येणारी शिट्टी फुलवर गायब होते, कारण फुलवर बहुतेक मॉड्यूल करंट तोडणं-जोडणं थांबवतं. आणि घासण्याचा, थरथरण्याचा आवाज फुलवर वाढतो. एवढ्यात अर्धा निकाल लागतो.

व्होल्टेज, पण पंखा चालू असताना आणि पंख्याच्या तोंडाशी

बॅटरीवर मोजून "१२.८ आहे, बरोबर आहे" असं सांगणारे खूप भेटतात. बॅटरीवर नाही, पंख्याच्या टर्मिनलला मोजा, आणि पंखा फुलवर फिरत असताना मोजा. कंट्रोलर लावलेला असेल तर त्याच्या इनपुटला मोजा, आउटपुटला नको, कारण तोडून-जोडून आलेल्या करंटवर साधा मीटर जो आकडा दाखवतो त्यावर विसंबता येत नाही.

बॅटरीवरचा आकडा आणि इथला आकडा यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जॉइंट खराब आहे. हिशोब सांगतो. बॅटरीपासून छतापर्यंत वायर ६ मीटर धरली तर जाऊन-येऊन १२ मीटर. ३ अँप करंटला ०.७५ चौरस मिमीच्या वायरमध्ये साधारण ०.८ व्होल्ट वाटेतच जातो. १.५ च्या वायरमध्ये ०.४, आणि २.५ च्या वायरमध्ये पाव व्होल्ट. म्हणून छतावरच्या पंख्याला मी १.५ च्या खाली कधीच वापरू देत नाही, आणि शक्य असेल तर २.५. वायर छतात एकदा पॅनलमागे गेली की परत काढणं म्हणजे अर्धी गाडी उघडणं, तिथे शंभर-दीडशे रुपये वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

जॉइंट बघताना पिळून टेप मारलेले जॉइंट आधी उघडा. गाडी हादरते, टेप उन्हाने चिकट होऊन सुटते, तांबं काळं पडतं. नीट क्रिंप करा (टर्मिनल पक्कडीने दाबून बसवा), वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) लावा.

आता ते इंजिन चालू केल्यावर स्पीड वाढतो म्हणून घाबरून विचारणारे: तो बिघाड नाही. विश्रांतीत असलेली पूर्ण भरलेली लेड ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्टच्या आसपास असते आणि चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते. साध्या मोटरचा स्पीड व्होल्टेजबरोबर वाढणारच. लिथियम फॉस्फेट बॅटरीत हा फरक कमी जाणवतो कारण ती बराच वेळ १३.२-१३.३ च्या आसपास टिकून राहते. पण फ्रिज लागल्यावर पंखा दबत असेल तर मात्र फ्रिज आणि पंखा एकाच बारीक वायरवर टाकलेत असा अर्थ आहे. वेगळी लाइन ओढा, फ्यूज बॉक्समधून वेगळ्या फ्यूजवर.

फ्यूज किती अँपचा ते पंख्याच्या लेबलवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, तेच पाळा. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणं बंद करा, फ्यूज वायर वाचवायला असतो.

कंट्रोलर बाजूला काढून पंखा थेट जोडा

एवढं केल्याशिवाय कंट्रोलरला दोष देऊ नका. फ्यूज ठेवून, कंट्रोलर वगळून, पंख्याच्या दोन वायर थेट सप्लायला. दहा मिनिटं चालवा. लक्षण तसंच राहिलं तर कंट्रोलर निर्दोष आहे, मोटर किंवा वायरिंग बघा. लक्षण गेलं तर पुढे वाचा. याच वेळी मीटर करंटवर लावून पंखा किती अँप घेतो ते लिहून ठेवा, १४ इंची पंखे फुलवर साधारण २ ते ५ अँपमध्ये असतात. तुमचा पंखा लेबलवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त घेत असेल तर मोटर जड झाली आहे.

मॉड्यूलवर "१० अँप" छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेल्या छोट्या मॉड्यूलला मी छापलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या वर वापरत नाही, आणि छताच्या पत्र्याला चिकटून बसवलेलं असेल तर त्याहून कमी, कारण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेवता येत नाही, तिथे त्या बिचाऱ्या मॉस्फेटने (मॉड्यूलमधला करंट तोडणारा-जोडणारा भाग) थंड व्हायचं कसं?

पंखा कुठल्या जातीचा आहे: हे खरं तर मॉड्यूल विकत घ्यायच्या आधीच बघायचं

बाजारात मिळणारं साधं पीडब्ल्यूएम मॉड्यूल हे ब्रशवाल्या साध्या डीसी मोटरसाठी आहे. म्हणजे दोन वायर, आत कार्बन ब्रश, मधे कुठलंही सर्किट नाही. वायर उलटी जोडली की पंखा उलटा फिरतो, ती ही मोटर. मॉड्यूल करंट एका सेकंदात हजारो वेळा तोडतं-जोडतं आणि चालू-बंदचं प्रमाण बदलून स्पीड कमी-जास्त करतं. साध्या मोटरला ते चालतं.

पण तुमच्या पंख्याला रिमोट आहे का? बटण दाबल्यावर बीप वाजतो का? झाकण मोटरने उघडतं का, पावसाचा सेन्सर आहे का, १० स्पीड आहेत का? यातलं काहीही असेल तर पंख्याच्या आत स्वतःचा सर्किट बोर्ड आहे. आणि त्या बोर्डच्या आधी सप्लायमध्ये पीडब्ल्यूएम मॉड्यूल घातलंत तर तुम्ही मोटरचा नाही, बोर्डचा सप्लाय तोडता आहात. बोर्ड दर क्षणी मरतो आणि जिवंत होतो. आपोआप बीप, मधेच थांबणं, झाकण हलणं, सगळं यातून येतं. बोर्डच्या तोंडाशी कपॅसिटर असतो, तो प्रत्येक फटक्याला करंटचा मोठा झटका ओढतो आणि मॉड्यूल तापतं. काही दिवसांनी दोघांपैकी एक जातो, आणि पंख्याचा बोर्ड गेला तर आपल्याकडे तो मिळवायला महिना-दोन महिने बसावं लागतं, कारण हे पंखे बहुतेक बाहेरून मागवलेले असतात.

ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या मोटरलाही हेच. तिच्या आतच ड्रायव्हर असतो आणि स्पीडसाठी बहुतेक वेळा वेगळी सिग्नलची वायर असते. सप्लाय तोडून तिचा स्पीड कमी करायचा नसतो.

मग बोर्डवाल्या पंख्याचं काय करायचं? आधी मॅन्युअल नीट वाचा. मॅक्सफॅन डिलक्ससारख्या पंख्यात १० स्पीड आणि थर्मोस्टॅट कंपनीतूनच येतो, तिथे सर्वात खालचा स्पीड खरंच मंद असतो, आणि तरी आवाज वाटत असेल तर अडचण स्पीडची नसून वर सांगितलेल्या हवेच्या वाटेची किंवा फ्रेम थरथरण्याची असते. बोर्ड वगळून मोटर थेट बाहेरच्या कंट्रोलरवर घेता येते, पण मग पावसाचा सेन्सर, झाकण, रिमोट सगळं जातं, वॉरंटीही जाते. ताम्हिणीत रात्री पाऊस आला आणि झाकण मिटलं नाही तर गादी ओली. मी लोकांना हे करू नका असंच सांगतो.

जुन्या पद्धतीच्या तीन स्पीडच्या पंख्याची वेगळी गंमत आहे. त्यातल्या बऱ्याच पंख्यांत १ आणि २ नंबरचा स्पीड रेझिस्टर लावून कमी केलेला असतो. लोक मॉड्यूल जोडतात आणि पंख्याचा स्वतःचा स्विच १ वरच राहतो. आधी रेझिस्टरने व्होल्टेज खाल्लं, मग मॉड्यूलने, मोटरला उरलं काय? सुरूच होत नाही. पंख्याचा स्विच कायम ३ वर ठेवायचा आणि स्पीड फक्त मॉड्यूलने बदलायचा. एवढ्यानेच कित्येक "बिघडलेली" मॉड्यूल चांगली झाली आहेत.

नॉब कुठेही, पंखा फुलच

हे जवळजवळ नेहमी अर्थिंगचं असतं. बहुतेक स्वस्त मॉड्यूल प्लस तोडत नाहीत, मायनस तोडतात. म्हणजे प्लस सरळ मोटरकडे जातो आणि मोटरचा मायनस मॉड्यूलमधून परत येतो. आता वायरमनने सवयीप्रमाणे मोटरचा मायनस गाडीच्या बॉडीला अर्थ केला असेल तर करंट मॉड्यूलमधून न येता सरळ बॉडीतून परत जातो, मॉड्यूलला कोणी विचारतच नाही.

तपासायचं असं: फ्यूज काढा, मीटर ओहमवर ठेवा, मॉड्यूलच्या इनपुटचा प्लस आणि आउटपुटचा प्लस यांच्यात मोजा. शून्याच्या जवळ आलं तर ते मायनस तोडणारं मॉड्यूल आहे. मग मोटरच्या दोन्ही वायर मोटरपासून मॉड्यूलपर्यंत स्वतंत्र आणल्या पाहिजेत, मधे कुठेही बॉडीला टेकता कामा नयेत. मोटरची वायर मॉड्यूलपासून सोडवा आणि तिच्यात आणि बॉडीत मोजा, सर्किट ओपन दाखवायला हवं. अर्थ सोडवूनही फुलच फिरत असेल तर मॉड्यूलमधला मॉस्फेट शॉर्ट होऊन गेलेला आहे, तो असाच जातो. तेव्हा मात्र मॉड्यूल बदला, आणि बदलायच्या आधी खालचा डायोडचा भाग वाचा, नाहीतर नवीनही तसंच जाईल.

गुणगुण

मॉड्यूल ज्या वेगाने तोडतं-जोडतं तो वेग माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असेल तर मोटरची गुंडाळी आणि कव्हर त्याच सुरात गुणगुणतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढेल तसं कमी. ५५५ आयसीवाली स्वस्त मॉड्यूल बहुतेक त्याच्या खालीच असतात. दिवसा कळत नाही, रात्री दोनला भोरच्या धरणाकाठी सगळं शांत असताना मात्र तो आवाज थेट कवटीत घुसतो.

इथे एक चुकीचा सल्ला फिरतोय, की मोटरच्या दोन टोकांवर मोठा कपॅसिटर लावा म्हणजे आवाज जातो. आवाज कमी होतो हे खरं, पण प्रत्येक फटक्याला मॉस्फेट तो रिकामा कपॅसिटर भरत बसतो आणि तापून मरतो. मोटरवर ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक ठीक, ब्रशच्या ठिणग्यांसाठी. १००० मायक्रोफॅरडचा मोटरवर नाही.

दोन बरोबर उपाय. एक, २० किलोहर्ट्झच्या वर चालणारं मॉड्यूल घ्या, हीट सिंक चांगलं असलेलं, कारण वेग वाढला की मॉस्फेट जास्त तापतो. दोन, आणि माझा आवडता, पीडब्ल्यूएम सोडून द्या आणि बक कन्व्हर्टर लावा. तो मोटरला सरळ, जवळजवळ स्वच्छ कमी व्होल्टेज देतो, ६, ७, ८ व्होल्ट, हवं तेवढं, आणि पंख्यात काहीच गुणगुणत नाही. एलएम २५९६ वाला निळा छोटा बोर्ड घेऊ नका, त्याची कमाल मर्यादा ३ अँप आहे आणि तीही थंड ठेवला तर. एक्सएल ४०१६ वाला, दोन हीट सिंकचा बोर्ड घ्या. नॉब हवा असेल तर बोर्डवरच्या छोट्या प्रीसेटच्या (स्क्रूने फिरवायच्या रेझिस्टरच्या) जागी तेवढ्याच ओहमचं पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉबवाला रेझिस्टर, बाहेर काढता येतं, वायर आखूड ठेवा. बकमधून पूर्ण बॅटरी व्होल्टेज मिळत नाही, थोडं खातोच, म्हणून स्वयंपाकाच्या वेळी फुल हवा हवी असेल तर थेट आणि मंद असा दोन बाजूंचा स्विच टाका, मधे बंदची जागा असलेला.

बकवर पंखा मंद चालवण्याचा खरा फायदा बॅटरीला होतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते पण लागणारी ताकद गणिताने एक-अष्टमांश होते. प्रत्यक्षात मोटर आणि कन्व्हर्टरचं नुकसान धरून थोडी जास्त लागते, तरीही फुलवर ३ अँप घेणारा पंखा रात्रभर चालला तर ८ तासांत २४ अँप-अवर खातो, आणि निम्म्या वेगाला त्याचा लहानसा भाग. ज्यांच्याकडे १०० अँप-अवरची लेड ॲसिड बॅटरी आहे, आणि जी निम्म्याखाली उतरवू नये असं म्हणतात, त्यांना यातला फरक सकाळी फ्रिज चालू आहे की नाही यावरून कळतो.

कमीवर सुरू होत नाही

मोटर फिरती ठेवायला कमी व्होल्टेज पुरतं, जागेवरून हलवायला जास्त लागतं. ५ व्होल्टला मजेत फिरणारा पंखा ५ व्होल्टला सुरू होईलच असं नाही. म्हणून सुरू करताना नॉब वर न्या, फिरला की खाली आणा. कायमचा उपाय म्हणजे नॉबची खालची मर्यादा बांधून टाकणं, बक असेल तर पोटेन्शिओमीटरला सीरिजमध्ये रेझिस्टर टाकून, म्हणजे पंखा हमखास सुरू होईल त्याच्या खाली नॉब जाणारच नाही.

हे नुसतं सोयीचं नाही. अडकून उभी राहिलेली मोटर कमी ड्यूटीवर (म्हणजे चालू वेळेचं प्रमाण कमी असताना) शांतपणे तापत राहते. गुंडाळीतून करंट चांगलाच वाहतो, पण बॅटरीकडून ओढला जाणारा करंट त्याहून पुष्कळ कमी असतो, त्यामुळे फ्यूजला काही कळतच नाही. पाती फिरत नाहीत म्हणून तिला हवाही लागत नाही. नॉब अगदी खाली ठेवून, "बंदच आहे" समजून झोपू नका. बंद म्हणजे स्विच बंद.

उलटा केला की फ्यूज, आणि मॉड्यूल वारंवार जाणं

मोटरचा करंट तोडला की तिची गुंडाळी उलटा झटका मारते. तो गिळायला मोटरच्या वायरवर उलटा लावलेला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतो, शॉट्की जातीचा, १एन५८२२ छोट्या पंख्याला, एसआर५६० जरा मोठ्याला. काही मॉड्यूलमध्ये तो असतो, काहींत नसतो किंवा नावापुरता असतो. मॉस्फेट वारंवार जात असतील तर पहिला संशय इथे.

आता ज्यांनी हवा आत-बाहेर करायला उलटसुलट स्विच लावलाय त्यांनी नीट ऐका. डायोड मोटरच्या टोकावर बसवलात तर मोटर उलटी केल्यावर डायोड सुलटा होतो आणि सरळ शॉर्ट! फ्यूज फक्त एकाच दिशेला उडतो तो यामुळे. डायोड स्विचच्या आधी, मॉड्यूलच्या बाजूला पाहिजे. आणि स्विच मधे बंद असलेलाच घ्या, पंखा पूर्ण थांबू द्या, मग उलटा करा. फिरता पंखा एकदम उलटा केला की करंटचा मोठा झटका बसतो आणि मॉड्यूल, ब्रश, स्विच तिघांचं आयुष्य कमी होतं.

खरखर आणि लुकलुक लवकर संपवतो: मॉड्यूलपासून मोटरपर्यंतच्या दोन वायर एकमेकींभोवती पिळून न्या आणि जमेल तेवढ्या आखूड ठेवा. मॉड्यूलच्या इनपुटला, आउटपुटला नाही, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा, प्लस-मायनस बघून. एलईडी आणि पंखा वेगळ्या फ्यूजवर घ्या. बहुतेकांचं इथेच संपतं.

थर्मोस्टॅट टकटक करतोय

डब्ल्यू १२०९ हा छोटा डिजिटल थर्मोस्टॅट पुष्कळ जण वापरतात. पी० मध्ये थंड करण्यासाठी सी निवडा, एच राहिला तर पंखा थंडीत चालेल आणि गरमीत बंद होईल. पी१ म्हणजे चालू आणि बंद यातलं अंतर, ते २ अंश तरी ठेवा. सेन्सर पंख्याजवळ किंवा पत्र्याला चिकटून नको, झोपतो त्या उंचीवर, ऊन न येणाऱ्या बाजूला लावा. आणि झाकण हाताने उघडायचं असेल तर थर्मोस्टॅट बंद झाकणाखाली पंखा सुरू करणार हे लक्षात ठेवा, गाडी चालवताना त्याचा स्विच बंद ठेवा. बोर्डवाल्या पंख्याच्या सप्लायवर हा लावू नका, सप्लाय गेला-आला की त्यातले बरेच पंखे आधीचा स्पीड विसरतात आणि सुरूच होत नाहीत.

कुठे थांबायचं

जळका वास आला, वायरचं प्लॅस्टिक मऊ झालेलं दिसलं, तर बॅटरीचा मेन स्विच बंद करा आणि परत चालू करून बघू नका. पंखा आणि कंट्रोलर दोन्ही सोडवूनही फ्यूज उडत असेल तर छताच्या आत कुठेतरी वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली आहे, तिथे पॅनल उघडून शोधणं हे सवयीच्या माणसाचं काम आहे. लिथियम बॅटरीच्या टर्मिनलवर, फ्यूजच्या आधीच्या बाजूला, हात घालू नका, शॉर्ट झालं तर ती शेकडो अँप ओतते आणि पाना वितळतो. छतावर चढून काम करायचं असेल तर सोलरची वायर ऊन असेपर्यंत जिवंत असते, स्विच बंद केला तरी पॅनलकडची बाजू जिवंतच. पंख्याभोवती प्लायवूड मऊ लागत असेल किंवा पावसानंतर फ्रेमच्या कडेने पाणी येत असेल तर आधी बॉडीचं काम जाणणाऱ्याकडे जा, फ्रेम उचलून जुनं सीलंट खरवडून खाली ब्यूटाइल टेप आणि वर चांगलं पॉलीयुरेथेन लागतं, वरून नुसतं सिलिकॉन फासलं तर पुढच्या वेळी त्यावर काहीच चिकटत नाही. गळत्या फ्रेमखाली कंट्रोलर बसवू नका. (फक्त पहाटे थेंब दिसत असतील आणि पाऊस नसेल तर ती श्वासाची वाफ आहे, महाबळेश्वरला थंडीत होतंच, खिडकी थोडी उघडी ठेवा.) छताला नवीन भोक पाडायचं असेल तर पत्रा कापायच्या आधी आरटीओ आणि विम्याच्या बाजूने विचारून घ्या. आणि पंख्याचा बोर्ड बिघडला असेल तर तो सोल्डर करून बघण्यापेक्षा विक्रेत्याकडे किंवा कॅम्पर बनवणाऱ्याकडे द्या.

नेहमीचा कोपऱ्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन स्टार्टर-डायनॅमोत पक्का असतो, पण दुसऱ्या बॅटरीचं वायरिंग त्याने पाहिलेलं असेलच असं नाही, म्हणून आधी विचारा की गाडीतल्या अशा दुसऱ्या बॅटरीचं, पंखा-फ्रिज-लाइट चालवणाऱ्या, काम केलंय का. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: बॅटरीवरचं आणि पंख्यावरचं व्होल्टेज, दोन्ही पंखा चालू असताना, थेट जोडल्यावर किती अँप, कंट्रोलर प्लस तोडतो की मायनस, आणि लक्षण कंट्रोलर काढल्यावर राहतं की जातं. एवढं हातात दिलं तर त्याला शोधायला दिवस लागत नाही आणि तुम्हाला दिवसाचे पैसे द्यावे लागत नाहीत.